राजकोटला जाऊन आलो

काल रात्री मालवणवरून घरी पोचलो, अंग अजून गाडीत असल्यासारखं हलतंय, पण आजच लिहून ठेवतो नाहीतर राहून जाईल. सोयाबीन निघालं होतं, कापसाचा पहिला वेचा झाला होता, तर बाबांना म्हटलं चला आता. बडनेऱ्याहून मडगावची गाडी पकडली, कुडाळला उतरलो. बाबांनी जन्मात समुद्र पाह्यला नव्हता, पण समुद्राचं त्यांना काही नव्हतं, त्यांना मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा पाहायचा होता.

26 ऑगस्ट 2024, गोकुळाष्टमीचा दिवस. पुतळा पडल्याची बातमी मोबाईलवर आली तेव्हा बाबा ढोरांना पाणी पाजत होते. फोटो दाखवला, चौथऱ्यावर नुसते पाय उरलेले. त्या रात्री ते जेवले नाहीत. 4 डिसेंबर 2023 ला नौदल दिनी उभा केलेला 35 फुटांचा पुतळा, नऊ महिने पण टिकला नाही. ताशी 45 किलोमीटरचा वारा होता म्हणे. "वैशाखातल्या वावधनात आपल्या गोठ्यावरचे टिनं नाई उडत," बाबा तेव्हा संतापून बोलले होते, आणि मला आजही त्यांचंच बरोबर वाटतं. नवा झाला ना, आता कशाला उकरून काढता असं लोक म्हणतात, पण मला ते विसरायचं नाही.

नवा पुतळा 60 फुटांचा आहे, हातात तलवार, राम सुतारांनी केलेला, मे 2025 मध्ये उभा राहिला. मी मान वर करून तलवारीकडे बघत होतो, आजूबाजूला सगळे फोटो काढण्यात, आणि बाबा मात्र पायांकडे बघत होते, बराच वेळ, काही न बोलता. मग हात जोडले. "आता बसले वाट्टे पक्के," एवढंच म्हणाले.

नंतर होडीनं सिंधुदुर्गात गेलो. 1664 ला बांधायला घेतलेला किल्ला, पायाच्या दगडांत शिसं ओतलेलं, लाटा अजून आपटतायत त्याच्यावर. आत चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा आहे. बाबांनी स्वतःचा पंजा लांबूनच त्याच्यासमोर धरला, कापसाच्या बोंडांनी चिरलेली बोटं, आणि तसेच उभे राह्यले, मागच्या माणसांनी पुढे सरका म्हटलं तरी हलेनात.

आज सकाळी वावरात जाताना शेजारच्या काकांना पंजा उघडून दाखवत होते, "इतकाच हाय बाप्पा, आपल्यासारखाच."