बांबू काढायला गेले, ऊस झाला

शनिवार, ११ जानेवारी

टोरांटोच्या स्कारबरोतल्या ग्रंथालयाची तळघरातली खोली. लांब टेबलं, टेबलांवर जुनी वर्तमानपत्रं (चिनी, तमिळ, इंग्रजी, हाताला येतील ती) आणि त्यांवर फेल्टचे तुकडे. साडेनऊला जाऊन हे सगळं मी मांडते. कागदोपत्री मी मदतनीस. म्हणजे पाण्याचे डबे भरायचे, ब्रश धुवायचे, आणि लाओशींचं इंग्रजी लोकांना व लोकांचं इंग्रजी लाओशींना समजावून सांगायचं. दोन्हीकडचं इंग्रजी आपापल्या जागी ठीकच असतं, फक्त एकमेकांना भेटत नाही.

लाओशी म्हणजे शिक्षक. वर्गात सगळे त्यांना तेच म्हणतात, मीही. मूळच्या चीनमधल्या हांगचौच्या, आता सत्तरीपुढच्या. मी त्यांच्याकडे चार वर्षं चिनी शाईचित्रकला शिकतेय.

आज नव्या सत्राचा पहिला वर्ग होता. चौदा जण आले. पत्रकावर आयोजकांनी छापलंय, ‘शाई आणि मनःशांती : दीड तासात आपलं चित्र घरी न्या.’ हे मी लाओशींना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “दीड तासात शाई होईल.” मला वाटलं गंमत करतायत. आज त्यांनी खरोखरच पाऊण तास सगळ्यांना शाई उगाळायला बसवलं. एरवी आम्हीही बाटलीतलीच वापरतो, पण पहिल्या दिवशी नाही.

काळ्या दगडाच्या वाटीत चमचाभर पाणी, त्यात शाईची कांडी उभी धरून गोल गोल फिरवायची. जोर द्यायचा नाही. मला हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आजीच्या देवघरात सहाणेवर गंध उगाळायचं काम माझ्याकडेच असायचं. कांडी असते दिव्याची नाहीतर पाइनच्या लाकडाची काजळी आणि सरस यांची, वर थोडं सुगंधी द्रव्य. त्यामुळे वासही कापराच्या जवळचा येतो. पहिल्या वर्गाला मी डोळे मिटून उगाळत बसले होते, तर लाओशींनी टेबलावर टकटक केलं. “झोपायचं नाही. शाई बघायची.” पाण्याला तेलकट चकाकी आली आणि कांडी मागे रेघ सोडायला लागली की झालं.

मग ब्रश धरणं. तो सरळ उभा, मनगट टेबलाला न टेकवता. इथे माणसामाणसाचा पूर्वेतिहास बाहेर पडतो. जाफन्याच्या एक आजी आहेत, रोज दारात कोलम (तमिळ रांगोळी) काढायच्या. त्यांचा हात अधांतरी इतका स्थिर की लाओशी दोनदा मागे येऊन बघून गेल्या. एक इराणी गृहस्थ बोरूने फारसी सुलेखन करतात. त्यांचा ब्रश काही केल्या उभा राहीना, आपोआप तिरका होई. आणि मी, चार वर्षांपूर्वी? ब्रश हातात येताच मी पेन्सिल मागितली होती. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा दिलेली मुलगी. आधी पुसट रेखाटन, मग खोडरबर, मग रंग, हा क्रम हाडात मुरलेला. लाओशी म्हणाल्या होत्या, “पेन्सिल नाही. रबरही नाही. कागद आहे.”

वर्ग संपताना एका बाईंनी विचारलंच, पांडा कधी? प्रत्येक सत्रात कुणीतरी विचारतं. लाओशींनी नेहमीचं उत्तर दिलं, “आधी त्याचं जेवण काढायला शिका.”

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. सुगडात घालायला ऊस हवा होता, तो आमच्याकडच्या चिनी दुकानात हमखास मिळतो. जाड, जांभळट काळ्या सालीचा, आपल्या पुंड्यासारखा मऊ. दोन आठवड्यांवर त्यांचं नवं वर्ष आहे, त्यामुळे दाराशी उसाची मोळीच उभी होती. गल्ल्यावरच्या मुलाने विचारलं, नव्या वर्षासाठी का? मी हो म्हटलं. संक्रांत समजावत बसले असते तर मागची रांग चिडली असती.

घरी सोलताना बोट कापलं. सांगलीकर म्हणवून घ्यायची लाज वाटली.

शनिवार, १८ जानेवारी

आज बांबू.

बांबू खालून वर काढतात. ब्रश आधी फिकट शाईत भिजवायचा, टोक गडद शाईत बुडवायचं. कागदावर टेकवून किंचित दाबायचं, वर ओढायचं, थांबायचं, पुन्हा दाबून उचलायचं. एक पेर झालं. मग केसभर मोकळी जागा सोडून पुढचं. तळाची पेरं आखूड, मधली लांब, शेंड्याकडे पुन्हा आखूड. शाई ओलसर आहे तोवर त्या मोकळ्या जागांत गडद शाईची बारीक गाठ. पानं शेवटी. तीन पानांचा एक झुबका, त्यांच्या ‘क’ या अक्षरासारखा. हा ‘क’ आपला नव्हे. मधे एक उभी रेघ आणि वर दोन बाजूंना उतरत्या फांद्या, असं ते अक्षर आहे. अक्षर लिहायचा आणि पान काढायचा हात एकच.

नऊ वर्षांच्या एका मुलीने विचारलं, बांबू हिरवा असतो ना, मग काळा का? लाओशींना हा प्रश्न फार आवडतो. त्यांनी सू शिची गोष्ट सांगितली. अकराव्या शतकातला मोठा कवी आणि चित्रकार. म्हणतात, त्याने एकदा हाताशी असलेल्या लाल शाईने बांबू काढला. कुणीतरी म्हणालं, लाल बांबू कुठे असतो का? त्याने विचारलं, मग काळा कुठे असतो? मुलगी हसली नाही. बराच वेळ विचार करून म्हणाली, “मग मी निळा काढू?” लाओशी गप्प. मग म्हणाल्या, “आधी काळा.”

सगळे काढत असताना मीही कडेला एक काढला. लाओशी आल्या, बघितलं, मान कलती केली.

“हा ऊस आहे.”

होताच. पेरं सगळी एकसारखी आणि गुबगुबीत, गाठी सुजलेल्या, पानं शेंड्यातून निघून लांब कमानीसारखी खाली आलेली. चार वर्षं बांबू गिरवतेय आणि हात सैल सोडला की तासगाव रस्त्याचा ऊस उगवतो. बांबू मी पाहिलेच नाहीत असं नाही. कोकणात मामाकडे वेळूचं बेट होतं. पण ते सुट्टीपुरतं. ऊस रोज खिडकीतून दिसायचा, शाळेला जाताना दोन्ही बाजूंना असायचा, गळिताच्या हंगामात बैलगाड्यांच्या मागे पळून ओढलेला असायचा.

मला वाटलं आता फाडायला सांगतील. त्याऐवजी त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली त्याच सू शिची. वन् थुंग नावाचा त्याचा नातलग बांबूसाठी प्रसिद्ध होता, आणि त्याच्याबद्दल सू शिने लिहून ठेवलंय की बांबू काढायचा तर आधी छातीत पुरता उगवलेला पाहिजे. चिनीत त्याची म्हणच झाली. आजकाल परीक्षेची तयारी पक्की असलेल्या मुलालाही म्हणतात, याच्या छातीत बांबू आहे. “तुझ्या छातीत ऊस आहे,” लाओशी म्हणाल्या. हे कौतुक होतं की निदान, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसरी गोष्ट कू खायचिची. (मराठी कानाला नाव भुकेलं वाटतं, त्याला इलाज नाही.) चौथ्या शतकातला हा चित्रकार ऊस नेहमी शेंड्याकडून खायचा. लोकांनी कारण विचारलं तर म्हणाला, असं केलं की हळूहळू बहार येत जाते. शेंडा पाणचट आणि बुडखा गोड, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगायला नको. आपण मात्र बुडख्याकडून सुरू करतो आणि वर म्हणतो, ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. मी ही म्हण लाओशींना इंग्रजीत सांगून पाहिली. त्यांना ती उसाच्या लागवडीची सूचना वाटली.

शनिवार, २५ जानेवारी

लाओशी गुरुवारी घराच्या पायरीवर बर्फात घसरल्या. डावं मनगट मोडलं, प्लास्टर आहे. उजवा हात शाबूत आहे हे त्यांनीच मला फोनवर तीनदा सांगितलं. मग म्हणाल्या, “तू घे वर्ग.”

रात्रभर झोप नाही. सांगलीच्या बाईने स्कारबरोत चिनी चित्रकला शिकवायची, तीही वर्गात चिनी माणसं बसलेली असताना. त्या नऊ वर्षांच्या मुलीची आजी दर शनिवारी मागे खुर्चीत बसते. इंग्रजी येत नाही, चित्रं काढत नाही, पिशवीतून भोपळ्याच्या बिया काढून सोलते आणि बघते. आज ती माझ्याकडे बघणार होती.

लाओशींच्या कपाटातून कागदाचं बंडल काढलं, वाटलं. मी फळ्याला कागद लावून एक पेर काढून दाखवलं. शाई कागदात जाईचना. वर तशीच थबथबून राहिली, नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर पाणी सांडावं तशी. मला वाटलं पाणी जास्त झालं. सगळ्यांना सांगितलं, ब्रश निथळून घ्या. मग म्हटलं, दाब कमी पडतोय. मग म्हटलं, सावकाश ओढा. वीस मिनिटं मी त्या बिचाऱ्यांच्या हातांत दोष काढत होते. कोलमवाल्या आजींचीसुद्धा पेरं डबकी झाली तरी मला शंका आली नाही.

भोपळ्याच्या बियांची आजी उठली. माझ्याजवळ आली, कोऱ्या कागदाचा कोपरा हातात घेतला आणि जिभेने चाटला. मग तो माझ्यापुढे धरला. थुंकी वरच्या वर चमकत होती.

कागद शिजवलेला होता. चित्रांसाठी वापरतात तो चिनी ‘श्वान’ कागद दोन तऱ्हांचा. कच्चा शाई पितो, पसरवतो. शिजवलेल्याला तुरटी आणि सरस लावलेलं असतं, तो पीत नाही. तो बारीक रेघांच्या, थर देऊन रंगवायच्या चित्रांसाठी. हे मला ठाऊक आहे. मी त्यावर वहीत पानभर टिपण काढलंय : मूळचा आन्हवी प्रांतातल्या चिंग तालुक्याचा, छिंगथान नावाच्या झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून, २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत. टिपण होतं, पण कागद चाटून बघायची अक्कल नव्हती.

सगळ्यांची माफी मागितली, कच्चा कागद वाटला. मग मात्र वर्ग चालला. तळघरात हीटरमुळे हवा इतकी कोरडी की गाठी काढेपर्यंत पेरं वाळून जातात, म्हणून एकेक पेर काढून लगेच गाठ, असं मी सांगितलं. लाओशी असं करू देत नाहीत. करू दे, मनगट त्यांचं मोडलंय, वर्ग माझा आहे, असं मनात म्हटलं आणि लगेच जीभ चावली. इराणी काकांचा ब्रश आजही तिरकाच होता, पण त्यांची पानं अशी सुरेख आली की मी तो सरळ करायला गेले नाही. लाओशींनी केला असता. यात कोण बरोबर ते कळायला मला आणखी चार वर्षं लागतील.

जाताना मुलीने आजीचा निरोप सांगितला. “आजी म्हणते, हिचं कोपर चांगलं उचललेलं असतं.” आजी पुढेही बरंच बोलली होती. मुलीने तेवढंच भाषांतर केलं.

रविवार, २ फेब्रुवारी

लाओशींकडे गेले होते, नव्या वर्षाच्या शुभेच्छा द्यायला. सोबत तिळगूळ नेला. चिनी पिढीजात घरात तिळाचं अप्रूप कसलं? त्यांनी मला त्यांची तिळाची वडी दिली, आमची चिक्की आणि ती शेजारी ठेवली तर कोणती कुठली ते सांगता येईना.

आठ दिवसांपूर्वीचं सगळं सांगून टाकलं. कागदाचं ऐकून त्या इतक्या हसल्या की प्लास्टरचा हात धरून बसल्या. मग त्यांनी एक गुंडाळी काढली. माझा ऊस. मला वाटलं होतं मी तो टाकून दिला.

“हा चिकटवून घेऊ. मी सांगते, हात तुझे.”

कच्च्या कागदावर शाई वाळली की तो पापडासारखा आकसतो, म्हणून मागून अस्तर लावायचं. पण त्याआधी म्हणाल्या, नाव लिही. चित्रात लिहितात ते उभ्या ओळीत. “तुझ्या लिपीत.” उभं मराठी मी फक्त दुकानांच्या पाट्यांवर पाहिलंय. काय लिहायचं? सगळ्यात लहान शब्द घेतला. ‘ऊ’ वर, ‘स’ खाली. दोन अक्षरं, दोन आडव्या शिरोरेघा, मधे थोडी मोकळी जागा. लाओशींना देवनागरी येत नाही. त्यांनी त्या दोन रेघांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “गाठी बरोबर आल्या आहेत.”

मग चित्र पालथं टाकलं. पाण्याचा फवारा मारला. कागद आधी आणखी चुरगळला, आणि रुंद कुंच्याने मधून कडेकडे सारत गेल्यावर ओल्या धोतरासारखा सपाट बसला. गव्हाच्या सत्त्वाची खळ, ताकाइतकी पातळ. तिचा हात फिरवला. वरून अस्तराचा कागद, कोरड्या काथ्याच्या कुंच्याने दाबत दाबत. दोन ठिकाणी हवा राहिली, लाओशींनी नुसती नजरेने दाखवली. कडांना खळ लावून सगळं उचललं आणि दाराएवढ्या फळीवर चिकटवलं. खालच्या कोपऱ्यात कागदाची एक चिंचोळी पट्टी मधे ठेवायला सांगितली. ती उचलून तिथून एक फुंकर आत मारायची, म्हणजे चित्र फळीला धरत नाही, आणि वाळल्यावर सुरी घालायला तिथूनच वाट मिळते.

मी फुंकर मारली. ऊस फुगला आणि बसला.

आठवडाभर हात लावायचा नाही. निघताना त्यांनी कपाटाची किल्ली माझ्याकडे दिली. वरच्या कप्प्यात कच्चा, खालच्या कप्प्यात शिजवलेला. मी दोन्ही बंडलांवर मराठीत चिठ्ठ्या लावणार आहे.