नोंदींतला साडेपाच तासांचा फरक

पाटण तालुक्यातील एका डोंगरमाथ्यावरच्या मोबाइल टॉवरचा एक सेक्टर, म्हणजे एका दिशेला सिग्नल देणारा भाग, गेल्या जुलैत आठवडाभर त्रास देत होता. पहाटे दूध गोळा करणाऱ्या गाडीवाल्यांचे कॉल तुटत, आणि साताऱ्याच्या कार्यालयात मी कामाला बसेपर्यंत चालू अलार्मची यादी कोरी झालेली असे. अलार्म आपोआप मिटला म्हणून तक्रारही बंद केली जाई. ही पद्धत मला मुळीच मान्य नाही, कारण अलार्म मिटला म्हणजे बिघाड दुरुस्त झाला असे होत नाही.

शेवटी मी रेडिओ युनिटचा, म्हणजे अँटेनाला सिग्नल पुरवणाऱ्या यंत्राचा, इव्हेंट लॉग (घडामोडींची वेळेसह नोंद) उतरवून घेतला. त्यात जागा भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात, त्यामुळे घाई करणे भाग होते. व्हीएसडब्ल्यूआरचा, म्हणजे अँटेनाकडे पाठवलेली शक्ती प्रमाणाबाहेर परत येत असल्याचा, मेजर अलार्म चार रात्री उठून तीन-चार तासांनी मिटलेला दिसला. वेळा मात्र 20:40, 21:15 अशा होत्या, आणि संध्याकाळच्या वीजपुरवठ्यात दोष शोधण्यात माझे दोन दिवस गेले. तक्रारी तर पहाटेच्या होत्या! तेव्हा कुठे ध्यानात आले, की युनिटचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, लावलेले आहे आणि 20:40 म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे 2:10.

त्याच टॉवरला बाकी नेटवर्कशी बिनतारी जोडणाऱ्या 18 गिगाहर्ट्झ मायक्रोवेव्ह लिंकचा लॉग भारतीय वेळेत होता. वेळा जुळवून दोन्ही लॉग शेजारी ठेवले, तेव्हा मुसळधार पावसाने लिंकची सिग्नल पातळी घसरल्यावर पाऊण तासाच्या आत हा अलार्म उठतो आणि लिंक सावरल्यावरही बराच वेळ टिकतो, हे उघड झाले. पाणी कुठेतरी आत शिरत होते.

टॉवरवर चढून काम करणारा रिगर वर चढला आणि फोनवर म्हणाला, "साहेब, कनेक्टर आतून पार हिरवा पडलाय." जम्परच्या, म्हणजे अँटेनाला जोडणाऱ्या छोट्या केबलच्या, कनेक्टरवरची टेप वरून खाली गुंडाळलेली होती, त्यामुळे तिच्या प्रत्येक पदराची कड वर उघडी राहून पाणी धरत होती. नवा जम्पर जोडून, टेपचा वरचा पदर कौलांसारखा खालून वर चढवत नेला. रिटर्न लॉस, म्हणजे परत येणारी शक्ती किती कमी आहे याचे माप (जितके जास्त तितके चांगले), 11 डीबीवरून 19 डीबी झाला.

चार दिवसांनी पुन्हा रात्रभर पाऊस कोसळला. लिंकच्या लॉगमध्ये पातळी घसरल्याची नोंद होती, रेडिओ युनिटच्या लॉगमध्ये मात्र व्हीएसडब्ल्यूआरची एकही नोंद नव्हती.