चरख्याचा झेंडा गच्चीवर का लावायचा नाही?

ऑगस्ट जवळ आला की हाच प्रश्न येतो. आजोबांच्या ट्रंकेत चरख्याचा तिरंगा निघाला, मग १५ ऑगस्टला तो गच्चीवर का लावू नये? झेंडा काय कपाटात ठेवायला असतो का? तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर सांगते.

गच्चीवर नक्कल लावा. मूळ कापड नको. जुन्या खादीचं सूत घडीवर आधीच कुजलेलं असतं आणि वारा नेमका तिथेच फाडतो.

नक्कल करतानाही एक चूक सर्रास होते. बाजारातून तयार तिरंगा आणतात आणि अशोकचक्रावर चरखा छापतात किंवा चिकटवतात. तो तिरंगा राष्ट्रध्वज आहे आणि त्याच्यावर काही लिहिणं-छापणं १९७१च्या कायद्याने गुन्हा आहे. केशरी, पांढरं, हिरवं कापड वेगवेगळं आणा, पट्टे जोडा, मधल्या पट्ट्यावर निळा चरखा काढा. हा झाला १९३१चा झेंडा. १९२१चा वेगळा होता: वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल. मादाम कामांनी १९०७ साली श्टुटगार्टला फडकवलेल्या झेंड्याची नक्कल करायची असेल, तर पुण्यात केसरीवाड्यात जतन केलेला झेंडा आधी बघून या.

काठीकडच्या बाजूला जाड कॅनव्हासची दुहेरी पट्टी घाला आणि आतून दोरी ओवा. मोकळी कड दोनदा दुमडून चार शिवणी मारा, कारण झेंडा तिथूनच झिजतो. खालचा कोपराही दोरीला बांधा, नाहीतर सगळं कापड वर गोळा होतं. राष्ट्रध्वजाच्या काठीवर, त्याच्या वर किंवा शेजारी हा झेंडा नको, त्याला वेगळी जागा द्या. घरात भिंतीवर लावताना आडवाच लावा. उभा टांगला की चरखा कुशीवर पडतो, कामांच्या झेंड्यावरचं ‘वंदे मातरम्’ही उभं होतं.

आता मूळ झेंड्याबद्दल. त्यासाठी एका झेंड्याचं काय झालं ते सांगावं लागेल. तीन फूट बाय दोन, हातसुताची खादी, चरखा ठशाने छापलेला. घरच्यांनी मोठ्या हौसेने फ्रेम करून घेतला. फ्रेमवाल्याने प्लायवूडवर पांढरा गोंद फासला, झेंडा ताणून चिकटवला, वर थेट काच दाबली आणि फ्रेम पावसाची ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून टांगली. दोन पावसाळ्यांत काचेच्या आत दव धरलं, प्लायवूडचा पिवळट डाग पांढऱ्या पट्ट्यात उतरला, बुरशी आली. काच उचलली तेव्हा चरख्याचे दोन आरे कापडावर नव्हते, काचेवर होते.

गोंद पाण्याने फुगवून सोडवता आला असता. पण ओल्या कापसाचा बोळा हिरव्या पट्ट्याच्या कोपऱ्यावर हलकेच टेकवला तर तो हिरवा झाला. म्हणजे पाणी बाद. शेवटी झेंडा पालथा ठेवून मागून प्लायवूडचा एकेक पापुद्रा धारदार पात्याने सोलत यावं लागलं. गोंदाचा शेवटचा थर तसाच ठेवला, तो काढताना सूतच निघत होतं. आरे परत आले नाहीत.

ते टाळता आलं असतं. कोरा मांजरपाट दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढायची आणि तो आम्लमुक्त बोर्डावर ताणायचा. झेंडा त्यावर सैल पसरून बारीक सुईने, सुती धाग्याने, सुतांच्या मधून टाके घालायचे. गोंद, चिकटपट्टी, सेफ्टी पिन काहीही नको, पिनेचा गंज कापड खातो. काच आणि कापडात निदान ६ मिलिमीटर जागा सोडायची, म्हणून कडेने पट्टी. काचेऐवजी अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक चांगलं. फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावले की हवा खेळते. बाहेरची भिंत टाळा. उजेड ५० लक्सच्या आत ठेवा, म्हणजे वाचायला कमीच पडेल इतका.

‘पोरांना दिसू दे, हॉलमध्ये लावा’ असं पूर्वी मीच लोकांना सांगायचे. तेव्हा चुकत होते, हे आज फिकट पडलेले केशरी पट्टे बघितले की कळतं. पण जो झेंडा हातात धरून माणसं मिरवणुकीत चालली, तो अंधारात वाचवून मी नेमकं काय वाचवते, या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. प्रश्न विचारणाऱ्यांवर मी चिडते, त्यातली थोडी चीड याचीच असते.

तो दोन आरे गेलेला झेंडा आता त्यांच्या आतल्या खोलीत आहे, वर जाड पडदा आहे. पडदा वर्षातून किती दिवस उघडायचा, यावर त्या घरात अजून वाद चालू आहे. मला विचारलं तेव्हा मी आधी दोन म्हटलं, मग आठ.