तुम्ही विचारलंत म्हणून: द्विनवेनच्या दारातली मागणी

मिरजेला गेले की कुणीतरी विचारतंच. पहिल्यांदा मावशीने विचारलं, एका लग्नाच्या पंगतीत, जिलेबी वाढता वाढता: "अगं, जिचं स्वतःचं लग्न झालं नाही, तिच्या दारात जाऊन तुम्ही लग्न ठरवलंत? मनाला काही वाटलं नाही?" पुढे हाच प्रश्न वहिनीने विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अपुरंच राहतं. म्हणून आज नीट बसून लिहिते.

आधी ती कोण, ते सांगते. २५ जानेवारी हा वेल्समध्ये संत द्विनवेनचा दिवस, तिथल्या प्रेमिकांचा. गोष्ट पाचव्या शतकातली. ब्रखान राजाच्या चोवीस मुलींपैकी ही सगळ्यांत देखणी. मायलोन नावाच्या तरुणावर तिचा जीव जडला, पण बापाने तिचं लग्न दुसरीकडे ठरवलेलं. पुढचं जो तो थोडं वेगळं सांगतो. माझ्या सासूबाईंच्या तोंडून ऐकलेलं असं: द्विनवेन रानात जाऊन रडली, मला मायलोनचा विसर पडू दे म्हणाली. देवदूताने तिला एक गोड पेय दिलं आणि तिकडे मायलोनचा बर्फ झाला. मग देव म्हणाला, तीन गोष्टी माग. पहिलं मागणं, मायलोनचा बर्फ वितळू दे. दुसरं, खरं प्रेम करणाऱ्यांच्या मनासारखं होऊ दे. तिसरं, मला लग्न नको. आणि ती वेल्समधल्या अँगल्सी बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला, ल्लानद्विनला, समुद्राकाठी येऊन राहिली.

मावशी, माझं उत्तर या क्रमातच आहे. काळीज फाटलेलं असताना तिने आधी त्याला सोडवलं, मग जगातल्या सगळ्या प्रेमिकांसाठी मागितलं आणि स्वतःचं शेवटी. मागणी घालायला याहून चांगलं दार मला माहीत नाही. तिथल्या लोकांनाही हेच वाटत आलंय. चौदाव्या शतकातल्या दाव्हिद आप ग्विलिम या वेल्श कवीने तर मोर्व्हिद नावाच्या आपल्या प्रेयसीकडे द्विनवेनलाच निरोप घेऊन जायची विनवणी केली होती. ल्लानद्विनला तिच्या नावाची विहीर आहे. मुली पाण्यावर पावाचा चुरा टाकायच्या, वर आपला रुमाल पसरायच्या. विहिरीतल्या वाम माशाने रुमाल हलवला, की समजायचं, माणूस एकनिष्ठ आहे.

आता त्या दिवसाचं. न्यूबरोच्या पाइनच्या जंगलाशी गाडी लावली आणि किनाऱ्याने चालत निघालो. मोठ्या भरतीला ल्लानद्विनची वाट पाण्याखाली जाते, त्यामुळे ओहोटीची वेळ माझ्या नवऱ्याने आदल्या रात्रीच बघून ठेवली होती. वारा असा, की बोललेलं शेजारच्या माणसाला ऐकू येईना. वाटेत काळपट हिरवे, गोलसर खडक लागतात, एकावर एक उशा रचल्यासारखे. समुद्राच्या तळाशी लाव्हा बाहेर पडून तिथेच थिजला, त्याचे ते गोळे. मी सह्याद्रीच्या काळ्या कातळावर वाढलेली. इतक्या लांब, परक्या पाण्याकाठी, आगीतून आलेला दगड हाताला लागला तेव्हा आपल्या माणसाला हात लावल्यासारखं वाटलं.

द्विनवेनच्या चर्चच्या पडक्या भिंतींच्या आडोशाला आलो तेव्हा कुठे वारा जरा थांबला. पलीकडे पांढरं दीपगृह, आणि खाडीपलीकडे एरेरीचे डोंगर, माथ्यावर बर्फ. याने खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. अंगठी नव्हती, लाकडी चमचा होता. वेल्समध्ये मुलाने मुलीला स्वतः कोरलेला चमचा द्यायची जुनी रीत आहे. कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयात १६६७ साल कोरलेला एक आहे. माझा सिकॅमोरच्या लाकडाचा. दांड्यात दोन कड्यांची साखळी. त्या कड्या जोडलेल्या नाहीत, एकाच लाकडातून कोरून मोकळ्या केलेल्या आहेत. एक कडी एका बाजूला पातळ झालीय, तिथे चाकू घसरला होता. त्याच्या डाव्या अंगठ्यावर जखमेची खूण होती. महिनाभर मला "भाजी चिरताना लागलं" असं सांगत होता. चमच्याला जवसाच्या तेलाचा वास होता. अजून येतो, नाकाशी धरला तर.

आणि मग त्याने वेल्शमध्ये विचारलं, "नेइ दी म्हरिओदी ई?" एरवी आम्ही इंग्रजीत बोलतो. पण हे त्याला आईच्या भाषेतच विचारायचं होतं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. वेल्शमध्ये प्रत्येक प्रश्नाला चालेल असा एकच "हो" नाही. बहुतेक वेळा ज्या क्रियापदाने विचारलं, त्याच क्रियापदाने उत्तर द्यायचं. करशील का? करीन. अगदी आपल्यासारखं! आपल्याकडे निदान "हो" म्हणून सुटता येतं, तिथे तेही नाही. "ग्नाव" म्हणायचं, म्हणजे "करीन". मी ग्नाव म्हणाले, आणि मग मराठीतही म्हणाले, कारण मलाही ते माझ्या आईच्या भाषेत म्हणायचं होतं.

दुसऱ्या दिवशी, २६ जानेवारीला, घरी फोन केला. बाबांना आनंद झाला. आईने सगळं ऐकून घेतलं, द्विनवेनची गोष्टही, आणि गप्प झाली. मावशीने जे पुढे पंगतीत विचारलं, ते आईच्या मनात तेव्हाच आलं असणार.

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात आई आली. मी तिला ल्लानद्विनला घेऊन गेले. गुडघे दुखत होते, तरी थांबत थांबत चालली. त्या पडक्या भिंतींशी उभी राहिली, तिन्ही बाजूंचं पाणी बघितलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, ही तर कन्याकुमारी!"

कन्याकुमारीचं देऊळ तिने पाहिलंय. शंकराशी लग्न ठरलेलं, मुहूर्त टळला, आणि देवी समुद्राच्या तोंडाशी कुमारीच राहिली. तिच्या पायांवर आपण सवाष्णी डोकं ठेवतोच ना? कुणी म्हणतं का, की हिचं लग्न झालं नाही?

आईने पर्समधली कुंकवाची डबी काढली, चिमूटभर कुंकू तिथल्या एका दगडाला लावलं, हात जोडले. ओठ हलत होते. परतताना मी विचारलं, काय मागितलंस?

"तुझ्यासाठी काही नाही," म्हणाली. "तुझं झालं. मावशीच्या मुलीसाठी मागितलं. चल लवकर, पाणी चढतंय."