स्टारचा सांधा

काका माझ्या मोटर वायंडिंगच्या दुकानात आले ते ड्राइव्हचं खोकं काखेत मारूनच. "बाद माल दिलाय. परत पाठवणार आहे, पण आधी तू एकदा बघ."

काका कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर. पलूसजवळ घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी जुना लेथ आणून बसवलाय. घरात सिंगल फेज. थ्री फेज घ्यायचं तर खांबापासून तयारी, म्हणून थ्री फेज मोटर सिंगल फेजवर चालवणारा दीड किलोवॅटचा ड्राइव्ह ऑनलाइन मागवला. मोटर फिरायची, पण टूल जरा टेकवलं की मान टाकायची.

ड्राइव्ह मी उघडलासुद्धा नाही. म्हटलं, "काका, मोटर घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मोटर आली. रॉकेलच्या बोळ्यानं पाटी पुसली. २ एचपी, ४१५ व्होल्ट, ३.४ ॲम्पिअर आणि कोपऱ्यात 'वाय'ची खूण, म्हणजे स्टार: तिन्ही फेजच्या वायंडिंगचं एकेक टोक एकाच गाठीत बांधलेलं. दुखणं तिथंच होतं. हा ड्राइव्ह एका फेजचे तीन करतो, पण व्होल्टेज वाढवत नाही; २३० घातले तर २३०च काढतो. स्टार मोटरला ४१५ची लाइन दिली की एका फेजच्या वायंडिंगला २४० मिळतात. इथं लाइनच २३०ची, म्हणजे वाट्याला १३३. ओढ व्होल्टेजच्या वर्गानं घटते. तिसरा हिस्साही धड उरत नाही. डेल्टा केला, म्हणजे तिन्ही वायंडिंग टोकाला टोक जोडून त्रिकोण केला, की प्रत्येक फेजला पुरे २३० मिळतात.

सहा वायरी बाहेर असत्या तर पट्ट्या फिरवून पाच मिनिटांत काम झालं असतं. टर्मिनल बॉक्स उघडला तर तीनच. स्टारचा सांधा आत, वायंडिंगच्या पोटात.

काका म्हणाले, "मग नवीन वायंडिंग भरून टाक की." भरून टाकलं असतं तर माझे चार पैसे जास्त सुटले असते, खोटं कशाला बोलू. पण मेगरवर, म्हणजे इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर, वायंडिंग ठणठणीत होतं. चांगली तांब्याची वायंडिंग उपटायला हात होत नाही.

रोटर काढला. हॉट एअरनं वार्निश मऊ करत बांधणीचा दोरा ब्लेडनं कापत गेलो. घाई केली तर तारेचं इनॅमल सोलतं, म्हणून बांबूची कामटी तासून तिनंच एकेक तार बाजूला सारली. तासाभरानं स्लीव्हखाली बोटाला गाठ लागली. तीन टोकं पिळून डाख दिलेली. इथं एक सोय असते: बाहेर आलेल्या तिन्ही वायरी म्हणजे सुरुवाती, गाठीतले तिन्ही शेवट. कुठला कुणाचा एवढंच सिरीज दिवा लावून, तो पेटतो का यावर बघायचं. गाठ सोडवली, प्रत्येक टोकाला लवचीक वायर जोडली, स्लीव्ह चढवली, पुन्हा बांधलं, वार्निश दिलं आणि रात्रभर २०० वॅटच्या बल्बाखाली वाळत ठेवलं. सहाही वायरी बाहेर काढल्या, उद्या थ्री फेज आलंच तर परत स्टार करता यावा म्हणून. झाकणावर रंगानं मोठं लिहिलं: डेल्टा, फक्त २३०. या जोडणीला कुणी ४१५ लावले तर वायंडिंगचा कोळसा.

रविवारी बसवायला गेलो. लेथचा जुना उलटसुलट स्विच काकांनी ड्राइव्ह आणि मोटरच्या मधे ठेवला होता. चालू ड्राइव्हची वाट अशी मधेच तोडली तर एखाद दिवशी ड्राइव्हच जातो. तो काढला आणि उलटसुलट ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलवर घेतलं. डेल्टात करंट पाटीवरच्या ३.४च्या १.७३ पट, म्हणून ड्राइव्हमध्ये मोटरचा करंट ५.९ भरला, थांबायचा वेळ चार सेकंद ठेवला. रॉड पकडणारा चक आट्यांवर बसणारा. झटक्यात थांबवला तर उलगडून अंगावर यायचा.

काकांनी माइल्ड स्टीलचा रॉड धरला आणि हळूच एक मिलिमीटरचा कट दिला. मोटरनं हूं की चूं केलं नाही. मग दीड. निळी पडलेली चीप वळत वळत ट्रेमध्ये पडायला लागली. काका काही बोलले नाहीत, फक्त चष्मा कपाळावर सरकवला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, "अहो, रेडिओ का खरखरतोय?"

मोटरची केबल साधी, बिनजाळीची होती; ड्राइव्हची खरखर तीच बाहेर फेकत होती. म्हणजे पुढचा रविवारही इकडंच.