साहेबांचं ओरडणं आणि मानसिक छळ: फरक ओळखा, नोंद ठेवा

साहेब एकदा चिडून बोलले, महिनाअखेरीला रात्री नऊपर्यंत थांबावं लागलं किंवा चुकलेल्या बिलाबद्दल मेमो आला, तर तो मानसिक छळ नव्हे. काय चुकलं आणि ते कसं सुधारायचं हे ज्यातून कळतं, ते कडू असलं तरी कामाचंच बोलणं. छळात काम बाजूला पडतं, माणूसच निशाण्यावर येतो आणि हे पुन्हा पुन्हा घडतं. स्वीडनमधले संशोधक हाइन्झ लेमन यांनी अशा वागणुकीचे 45 प्रकार नोंदवले. अभ्यासासाठी त्यांनी निकष ठरवला होता तो आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने. तेवढं सोसल्यावरच तक्रार करावी, असा त्याचा अर्थ मुळीच नाही.

आरडाओरडा सगळ्यांना ऐकू जातो, डावलणं मात्र फार उशिरा कळतं. मीटिंगचं बोलावणं येत नाही, सीसीतून नाव गळतं, हातातली फाइल न सांगता दुसऱ्याकडे जाते. आणि मग अप्रेझलमध्ये शेरा येतो, ‘आउटपुट नाही’. याउलट शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता ‘सोमवारी सकाळी हवं’ म्हणून दोन माणसांचं काम एकावर टाकलं जातं. जपानमध्ये मोठ्या कंपन्यांना 2020 पासून लागू झालेल्या नियमांत छळाचे सहा प्रकार दिले आहेत. न झेपणारं काम लादणं आणि मुद्दाम क्षुल्लक काम देणं हे दोन्ही त्यांत येतात.

एकेक प्रसंग सुटा सांगितला की समोरचा म्हणतो, ‘एवढं काय त्यात?’ म्हणून साधी वही ठेवा आणि त्याच दिवशी लिहा: तारीख, वेळ, ठिकाण, नेमके शब्द, कोण हजर होतं, कामावर काय परिणाम झाला. ‘साहेब अपमान करतात’ या वाक्याचा चौकशीत उपयोग नाही. ‘मंगळवारी 11 च्या मीटिंगमध्ये आठ जणांसमोर म्हणाले, जमत नसेल तर घरी बस’ याचा आहे. तोंडी सूचना मिळाली की दोन ओळींचा मेल टाका: ‘आपण आज सांगितल्याप्रमाणे अमुक काम आधी घेतो, तमुक गुरुवारी देतो.’ मात्र कंपनीचे मेल स्वतःच्या जीमेलवर पाठवू नका. गोपनीयतेचा भंग म्हणून तेच तुमच्यावर उलटवलं जातं. वहीत मेलची तारीख आणि विषय टिपला तरी पुढे तो मागवता येतो.

तक्रार लेखी, एका पानाची, पाच-सहा ठळक प्रसंगांची असावी. शेवटी मागणी स्पष्ट लिहा: रिपोर्टिंग बदला, काढून घेतलेलं काम परत द्या. पोच घ्या. एचआरच्या केबिनमध्ये चहा पिता पिता सांगितलेली तक्रार कागदावर येत नाही. टाइप करून पुढे ठेवलेल्या राजीनाम्यावर तिथल्या तिथे सही करू नका. मेमो घ्यावाच लागला तर ‘प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही’ असं लिहून तारखेसह सही करा.

आपल्याकडे निव्वळ मानसिक छळासाठी वेगळा कायदा नाही, ही मोठी उणीव आहे. महिलांबाबत बोलणं-वागणं लैंगिक स्वरूपाचं असेल तर 2013 चा कायदा लागू होतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जावं लागतं. तक्रारीची मुदत शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. जातीवरून अपमान होत असेल तर ॲट्रॉसिटीचा कायदा पाहावा.

खरा प्रतिबंध मात्र मालक-व्यवस्थापनाच्या हातात असतो. तक्रार थेट वरिष्ठाला वगळून करता आली पाहिजे आणि उत्तराची तारीख ठरलेली हवी. एकाच मॅनेजरच्या हाताखालून माणसं सतत सोडून जात असतील, तर एचआरने कोणी तक्रार करेपर्यंत थांबू नये. चौकशी चालू असताना तक्रारदाराचीच बदली करणं ही सर्रास होणारी चूक आहे. त्यानंतर दुसरा कोणी तोंड उघडत नाही. सहकाऱ्यांनाही बरंच करता येतं. मीटिंगमध्ये ‘तिचं बोलणं पूर्ण होऊ द्या’ एवढं एकानं म्हटलं, तरी ती एकटी पडत नाही.

झोप उडाली असेल, रविवारी संध्याकाळपासूनच धडधड सुरू होत असेल तर आधी डॉक्टरांना भेटा आणि केसपेपर जपून ठेवा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.