‘दुःखी’ कुठं लिहेल हाय?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण आलं आणि डोळ्यांसमोर मराठीचे सरच उभे राहिले. बाकीच्या गुरुजनांचंही ऋण आहे, पण मला वाचता आलं ते सरांमुळे.

सातवीतली गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस, वर्गात आम्ही निम्मेच. सरांनी स्वतः लिहिलेली कथा वाचून दाखवली. कास्तकार बैल विकून बाजारातून परततो. बायको विचारते, “विकला?” तो बोलत नाही. हातातलं दावं खुंटीला अडकवतो, कोठ्यात जातो आणि रिकाम्या गव्हाणीत कुटार टाकतो. कथा संपली. म्हणाले, एक तृतीयांश सारांश लिहा.

मी झरझर लिहिलं: ‘शेतकऱ्याने बैल विकला व तो फार दुःखी झाला.’ सगळ्यांत आधी वही नेली. सरांनी वाचली. “‘दुःखी’ कुठं लिहेल हाय गा? दाखव बरं.” मी त्यांच्या कागदावर बोट फिरवत गेलो. तो शब्द नव्हताच. “मंग तुले कसं समजलं?” बऱ्याच वेळानं म्हणालो, “कुटारानं.”

सर इतके खूश झाले की तास संपल्याची घंटा झाली तरी थांबले नाहीत. फळ्यावर ‘विकला’ तीनदा लिहिलं: पूर्णविराम देऊन, उद्गारचिन्ह देऊन, प्रश्नचिन्ह देऊन. तिघांकडून वाचून घेतलं. प्रश्नचिन्हाचं ‘विकला?’ वाचताना मागच्या बाकावरच्या मुलीचा आवाज आपोआप खाली गेला. तिच्या घरचा बैल त्याच साली गेला होता.

आपल्या जिल्ह्यातल्या रिद्धपूरला म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं, तेव्हा मराठीत ना स्वल्पविराम होता ना अवतरणचिन्ह. ती पुढे एकोणिसाव्या शतकात इंग्रज कोशकार मेजर कँडींनी रुजवली, हेही सरांनीच सांगितलं.

आज मी महसूल खात्यात आहे. गारपिटीचे पंचनामे करताना ‘नुकसान झाले’ एवढ्यावर माझं भागत नाही. गहू कुठवर झोपला, संत्र्याचा बार किती गळला, ते लिहितो. वरिष्ठांनी दोनदा कौतुक केलं. सरांना सांगायचं राहून गेलं. आता पोरं गाईडातला तयार सारांश उतरवतात, गोष्ट वाचतच नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

स्मरणिका समितीला एक विनंती. माझ्या वहीत फक्त तो सारांश आहे, ‘दुःखी’खाली लाल रेघ मारलेला. सरांची कथा कुणी उतरवून घेतली असेल, तर ती पूर्ण छापावी.